सगळ्या ताटांना लाल ठिपका

कंडक्टरबाईंना गप्प बसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, तरी आवाज असा की खच्चून भरलेल्या बसच्या पुढच्या दारातला माणूसही वळून बघेल. असली बाई मूत्रपिंडं निकामी झाली म्हणून अंथरूण धरेल, असं ज्यांना वाटलं त्यांची साफ निराशा झाली. आठवड्यातून तीनदा त्या डायलिसिसच्या खुर्चीत जाऊन ऐसपैस बसत आणि शेजारच्या पेशंटांना दमात घेत.

मग रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत हिपॅटायटिस सी निघाला. कुठून आला, कधी आला, कुणालाच सांगता येईना. बाईंना टोकाच्या खोलीतलं वेगळं मशीन मिळालं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही, कारण तिथं रक्ताचा मामला होता. काही महिन्यांच्या गोळ्यांनी हा आजार बरा होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि बाईंनी विषय संपवला.

घरात तो संपला नाही. सुनेनं त्यांच्या ताटाला, वाटीला, पेल्याला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. ताट टेबलावर यायचं बंद झालं, थेट खोलीत यायला लागलं. "तुम्हाला आराम पडेल, आई," असं ती म्हणायची. सून वाईट नव्हती, हीच तर पंचाईत होती. वाईट असती तर बाईंनी तिला पुढच्याच स्टॉपला उतरवलं असतं. पण हीच पोरगी सासूच्या पोटात क्षार कमी जावेत म्हणून भाज्या दोनदा उकळून पाणी ओतून द्यायची, मिठाला हात आखडता घ्यायची. मशीन लागण्याआधी डॉक्टरांनी अंडी, डाळ, मासे कमी करा म्हणून बजावलं होतं. ते तिनं असं मनावर घेतलं की मशीन लागून वर्ष उलटलं तरी घरात अंडं म्हणून शिजलं नव्हतं.

त्या ठिपक्याकडे बघितलं की बाईंना रडू यायचं, आणि रडू आलं की स्वतःचाच राग यायचा. दोन घास खाऊन त्या ताट सरकवायच्या. मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात लावला तरी घड्याळ गरागरा फिरायला लागलं.

ते घड्याळ डायलिसिस सेंटरमधल्या आहारतज्ज्ञ मुलीच्या नजरेत आलं.

"काट्यावर वजन दिसतंय ते पाण्याचं," ती म्हणाली. "अंगावरचं मांस झडतंय तुमच्या. काय खाता?"

बाईंनी सांगितलं. मुलीनं कपाळाला हात लावला. "अहो, तो नियम मशीनच्या आधीचा. आता प्रत्येक डायलिसिसला थोडी प्रथिनं निघून जातात, ती भरून काढायला नकोत? अंड्याचं पांढरं खा, मासे खा. पिवळं मात्र बेतानं. गोळ्यांनी विषाणू जाईल, पण असंच चाललं तर साधा खोकलाही झेपणार नाही तुम्हाला."

"म्हणजे भरल्या घरात मी उपाशी मरतेय?"

मुलीनं कागदावर अंडी, मासे असं लिहून तो बाईंच्या हातात दिला.

"आणि ताट? वेगळं लागतं?"

"छे. तो रक्तातून पसरतो, जेवणातून नाही. ब्रश, नेलकटर वेगळं ठेवा, जखम झाकून ठेवा. जेवा खुशाल सगळ्यांबरोबर."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. बाईंनी सुनेच्या कपाटातून नेलपॉलिशची बाटली काढली आणि घरातल्या झाडून सगळ्या ताटांना, वाट्यांना, पेल्यांना लाल ठिपका लावला. हात सैल सुटला तशी चहाची गाळणीही सुटली नाही. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडी आणून उकडली आणि सगळे घरी आल्यावर टेबलाशी मधल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

रात्री जेवायच्या वेळी सुनेनं ताटं काढली आणि ती जागीच थबकली. "आई, आता तुमचं कुठलं ते कसं कळणार?"

"नाही कळणार. मुद्दामच केलंय."

"अगं आई..." मुलगा बोलायला लागला.

"तू गप्प बस. तू त्या ठिपक्याकडे रोज बघत होतास."

सुनेचे डोळे भरून आले. "मला भीती वाटते हो. घरात लहान पोरगी आहे."

"वाटू दे. पण रक्ताची वाटू दे, ताटाची नको. माझा ब्रश वेगळा आहे, नेलकटर वेगळं आहे. सुईच्या जागेची पट्टी माझी मी काढते, गुंडाळून टाकते, कुणाला हात लावू देत नाही. त्यात मी तुझ्याहून कडक आहे. पण जेवणार मी इथंच. एकटीला घास उतरत नाही माझ्या घशाखाली, आणि घास उतरला नाही तर मी मरेन. मला मरायचं नाहीये."

बाईंनी एक अंडं सोललं, हातानं दुभंगलं. पांढरं आपल्या ताटात ठेवलं आणि पिवळा गोळा सुनेसमोर धरला. "हे मला बेतानंच खायचंय. घे."

मुलगा खाली बघत बसला. सून त्या गोळ्याकडे बघत राहिली. बाईंनी हात मागे घेतला नाही.

सुनेनं तो उचलला आणि तोंडात टाकला. चावता चावता म्हणाली, "मीठच नाही याला."

"माझ्या कुठल्या जेवणाला असतं?"

सून चावायची थांबली. मग खुर्ची ओढून ती सासूला खेटून बसली. दुसरं अंडं सोलून त्यातलं पांढरं सासूच्या ताटात वाढलं आणि पिवळं न विचारता स्वतः खाल्लं.

"आज ताट सरकवायचं नाही, आई," ती म्हणाली. "संपेपर्यंत उठू देणार नाही मी."