दोन साक्षीदार आणि अठरा करकोचे

तलावात गाळ साचतो तसे किस्से साचतात. गाळ काढायला मशीन येते. किस्से मलाच काढावे लागतात.

अमरावतीबाहेरच्या तलावावर मी चौकीदार. शिक्षण चौथी. गेटवर फळा आहे. कोणता पक्षी आला, कोणी पाहिला, ते त्यावर खडूने लिहितात. लिहिण्याचा मान जोशी वकिलांचा. रोज सकाळी दुर्बीण घेऊन येतात. नियमही त्यांचाच. दोघांनी पाहिला तरच नोंद! मी दिवसभर एकटा. इतक्या वर्षांत फळ्यावर माझं नाव नाही. हा माझा नोकरीतला शेवटचा हिवाळा. मागणार नव्हतो. पण नाव पाहिजे होतं.

*

नोव्हेंबरात पट्टकदंब आले, डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस. वकिलांना सांगितलं.

"साक्षीदार कोण?"

"मी."

"दुसरा?"

"पट्टकदंब!"

नोंद झाली नाही.

*

कॉलेजच्या कुलकर्णी मॅडम आणि त्यांच्या मिस्टरांना लांब पाण्यात नारिंगी चक्रवाक दिसला. दोन तास जागचा हलला नाही. "आजारी असेल बिचारा," मॅडम म्हणाल्या. मी डोंगा घेऊन गेलो. ऑइलचा कॅन निघाला!

"साहेब, फळा पुसा."

"बापूराव, ते दोघं आहेत. तुम्ही एकटे."

कॅन आठ दिवस फळ्यावर होता.

*

वकिलांची एकदाच जिरली. मागच्या उन्हाळ्यात. त्यांच्या पार्किंगच्या जागेवर टिटवीने अंडी घातली.

"बापूराव, हिला उठवा!"

"ताबा तिचा हाय, साहेब. तुमी नोटीस द्या."

महिनाभर गाडी उन्हात तापली.

*

पुण्याचा एक फोटोवाला आला. अंगभर हिरवे कपडे, टोपीला पाला. झुडपात बसला. मला म्हणाला, "आवाज करू नका, काहीतरी अगदी जवळ आलंय."

मी म्हणालो, "बकरी हाय. तुमची टोपी खाऊन राह्यली."

*

जानेवारीत शेजारच्या गावंडेच्या हरभऱ्यात करकोचे उतरले. अठरा. मी दोनदा मोजले. चार वर्षांनी आले होते. गावंडे बांधावरच उभा होता. दुसरा साक्षीदार मिळाला! त्याला फळ्यापाशी आणलं.

पण गावंडे पक्का. बातमी फुटली की अमरावती-अकोल्याचे कॅमेरेवाले वावर तुडवतील, हे त्याला माहीत.

"मी काईच पायलं नाई," म्हणाला.

हातापाया पडणं मला जमत नाही.

वकिलांनी चष्मा पुसला.

"गावंडे, सकाळी कुठे होते?"

"वावरात."

"काय करत होते?"

"थाळी वाजवून राह्यलो होतो."

"कशासाठी?"

"कावून म्हंजे? अठरा करकोचे हरभरा खाऊन राह्यले, मंग काय आरती ओवाळू त्याइले?"

वकिलांनी खडू उचलला. माझ्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं.

गावंडेने त्यांचा हात धरला.

"थांबा वकीलसाहेब. माहं नाव वरतं लिहा. हरभरा माहा व्हता!"