आईच्या नावाचा जंत

वटवाघळाच्या पोटातल्या जंताला आईचं नाव द्यायचं मी ठरवलं, आणि आईनं ते मंगळवार पेठेतल्या आमच्या आख्ख्या गल्लीला सांगून टाकलं. जंत कसला, केवढा, हे कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. 'पोरीनं नवीन जीव शोधलाय, माझं नाव लागणार हाय,' एवढ्यावर दोन घरांत तिला चहा मिळाला.

मी तेव्हा पीएच.डी. करत होते. गारगोटीकडच्या एका कोरड्या विहिरीत एक लहान, एक मोठी अशा दोन जातींची वटवाघळं एकाच कपारीला लटकायची. जागा एक, खाणं दोघांचंही किडेच. मग पोटातले चपटे कृमीही एकच का, हा माझा प्रश्न. मेलेली सापडतील तीच वटवाघळं आणायची, आतड्यातले तिळाएवढे कृमी काढायचे, काचेच्या दोन पट्ट्यांत दाबून दोरा बांधायचा, मग लाल रंगवायचे. लहान वटवाघळातला कृमी निघाला सडपातळ. मोठ्यातला चांगला ऐसपैस, आतले अवयवसुद्धा सरकून शेजारी-शेजारी बसलेले. असला कृमी कुठल्याच पुस्तकात नव्हता. मी प्रयोगशाळेत चक्क नाचले, पेढे वाटले. सरांनी पेढा खाल्ला आणि 'परत एकदा बघा' म्हणाले, पण माझं डोकं कुठं ठिकाणावर होतं.

रविवारी आई भाकरी थापत होती. मी दोन्ही फोटो लावून मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवला. म्हणाले, 'बघ, डावीकडचा जुना. उजवीकडची तू.'

आईनं थापता थापता बघितलं आणि तिचा हात थांबला.

'एकच हाय की गं ह्यो.'

'आई, तुला काय कळतंय त्यातलं?'

'जंतातलं न्हाय कळत. पण उजवीकडचा जास्त थापलायस तू. काठ बघ, चिरलाय.'

मी फोटो मोठा केला. काठ खरंच चिरलेला होता. लहान वटवाघळाच्या वेळी मी भीतभीत दोरा बांधला होता; मोठ्याच्या वेळेपर्यंत हात सरावला होता, अंगात जोर आला होता. म्हणजे तो ऐसपैस नव्हताच, मीच त्याला दाबून तसा केला होता. मग असं हसू फुटलं की थांबेचना. आईही हसायला लागली आणि तव्यावरची भाकरी करपली.

सोमवारी बाटलीत उरलेले कृमी न दाबता रंगवले. दोन्ही वटवाघळांत तोच सडपातळ गडी. माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालं, नवा जंत मात्र गेला. मला फार वाईट वाटलं, माझ्यापेक्षा तिच्यासाठी. गल्लीत तिनं स्वतःच सांगितलं, 'न्हाय लागत आता नाव. मीच खोडलं.'

प्रबंध छापून आला. त्यात दाबण्याच्या चुकीबद्दल जिथं लिहिलंय, तिथं ती चूक कुणी पकडली तेही मी लिहिलं होतं, पूर्ण नाव, आडनावासकट. आईनं बोट ठेवून ते तीनदा वाचलं. मग पदराला हात पुसले, प्रबंध काखेत मारला आणि चप्पल घालायला लागली.

'कुठं निघालीस?'

'त्या दोन घरचा चहा फुकट प्यालतो,' ती म्हणाली. 'आता दाखवून येतो.'