कर्नेलवर बसवलेला पहारा

आमचं ऑफिस उद्यमनगरात, एका लेथच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली लोखंड कातलं जायचं आणि वर आम्ही दोघं कोड लिहायचो: मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र, जयसिंगपूरच्या व्यापारी घरातला. गावोगावच्या दूध संस्थांत दुधाचं माप आणि फॅट घेऊन पावती छापणारं यंत्र आम्ही करतो. त्याच्या आतला कर्नेल, म्हणजे मेमरी, काटा, प्रिंटर सगळ्यांना हाकणारा मुळाशी बसलेला प्रोग्राम, मित्रानं स्वतः लिहिलेला. त्याबद्दल वाकडा शब्द त्याला खपत नसे.

आजऱ्याजवळच्या एका संस्थेतलं यंत्र मधूनच गोठायला लागलं. सचिवांचा फोन यायचा, तोही रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. "ताई, तुमचं मशीन परत बसलंय बघा! लोकं किटल्या घेऊन हुबी हाईत की!" बंद करून चालू केलं की ठीक. आमच्या टेबलावर मात्र तेच यंत्र मुकाट चालायचं.

"त्यांची लाईट खराब असंल," मित्र म्हणाला.

"आणि तुझा कर्नेल?"

"त्यात काय न्हाय. मी लिवलाय."

मला संशय मेमरीचा होता. कर्नेल एखाद्या कामाला मेमरीचा तुकडा देतो, काम झालं की परत घेतो. परत घेतलेल्या तुकड्यात कुणी लिहिलं, तर त्या क्षणी काहीच होत नाही. मागाहून भलतीकडेच यंत्र कोसळतं. म्हणून मी प्रत्येक तुकड्यावर खूण ठेवायचं ठरवलं, इथं हात लावायची परवानगी आहे की नाही अशी. आणि वाचण्या-लिहिण्याआधी दर वेळी ती खूण तपासायची.

पहिल्यांदा चालू केलं तर नुसता काळा पडदा. यंत्र जागं होतानाचा कोड खुणा तयार व्हायच्या आधीच चालायचा आणि तपासणी, अजून नसलेल्या खुणा शोधत, स्वतःच मरायची. तेवढा कोड तपासणीतून वगळला. मग यंत्र सुरू झालं, पण दर वेळच्या तपासणीमुळं म्हशीच्या चालीनं.

तसंच ते घेऊन आम्ही दोघं सकाळी आजऱ्याकडं गेलो.

"हे काय ओ, पावणं?" सचिव म्हणाले. "आधी मशीन बसत हुतं, आता रांगतंय."

आम्ही चहा घेत कडेला बसलो. दूध येत होतं, पावत्या निघत होत्या. मग प्रिंटरचा कागद संपला. सचिवांनी सवयीनं झाकण उघडून नवा रोल घातला, तोवर पुढच्याचं दूध मापाला लागलंही होतं. झाकण बंद झालं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: परत घेतलेल्या मेमरीत लेखन, प्रिंटरचा कोड, ओळीच्या नंबरासकट.

"सापडलं!" मी ओरडलेच.

"किटली सांडली तरी आमच्यात कोण एवढं वरडत न्हाय," सचिव म्हणाले.

कागद संपला की कर्नेल पावतीचं काम रद्द करून तिची मेमरी परत घ्यायचा. पण झाकण लावल्यावर प्रिंटर "झालं" असं त्याच जागी लिहायचा, आणि ती जागा तोवर फॅटच्या मापाला दिलेली असायची. आमच्या टेबलावर आम्ही रोल कधी संपूच दिला नव्हता!

मला वाटलं, मित्र आता वाद घालणार. तो पायरीवर बसला आणि मोठ्यानं हसत सुटला. "व्हय, माझंच हाय हे."

मांडीवर लॅपटॉप घेऊन त्यानं तिथंच दुरुस्ती केली. सचिवांनी मुद्दाम रोल काढला, घातला, पुन्हा काढला. यंत्र चालत राहिलं. शेवटी मागच्या बाईनं "आता दूध घ्या की!" म्हणून दम भरला, तेव्हा ते थांबले.

संस्थांना आम्ही तपासणी काढून वेगवान यंत्रच देतो. तपासणीचा पहारा ऑफिसातल्या यंत्रावर असतो. मित्रानं तो कर्नेलच्या उरलेल्या भागांवरही स्वतःच बसवला. आणखी दोन-तीन चुका निघाल्या, त्याही त्यानंच लेथच्या आवाजावर ओरडून मला सांगितल्या. आता नवं काही लिहिलं की तो आधी तपासणी चालू करतो आणि मला शेजारी बसवतो. काहीच निघालं नाही, तर जरा हिरमुसतो.