बंद पंखा

मे महिन्यातली दुपार होती. बाहेरच्या खोलीत माधव, माझा नवरा, माझ्यासाठी आमरस गाळत होता. तो वाकला तेव्हा बनियनच्या वर, मानेखाली, लालभडक घामोळं दिसलं.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. आधी पाय जड झाले, मग चेहऱ्याची नस दुखू लागली. गालाला नुसता वारा लागला तरी जीव जाईल अशी कळ येते. तेव्हापासून आमच्या घरातला पंखा बंद आहे.

"पंखा लाव रे. मी स्वयंपाकघरात बसते."

"मला कुठे उकडतंय?" असं म्हणत त्याने कपाळावरचा घाम दंडाने पुसला.

दुखणं माझं आणि शिक्षा त्याला. त्याने एकदा तरी चिडावं, असं वाटतं. तो चिडत नाही याचा मला राग येतो, आणि मग त्या रागाचीच लाज वाटते.

काठी टेकत मी आत गेले, दार लोटलं आणि पंख्याच्या आवाजाची वाट पाहत बसले. आवाज आलाच नाही. थोड्या वेळाने माधवच रसाची वाटी घेऊन आला. ती माझ्यापुढे ठेवून तो लांब उंबऱ्यात बसला आणि तोंड पलीकडे करून, माझ्यापर्यंत झुळूक पोचणार नाही अशा बेताने, वर्तमानपत्राने वारा घेऊ लागला.