चिव्याची काठी

प्रत्येकाच्या आयुष्यात अशी एक वेळ येते, की आधार कोणाचा घ्यायचा हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. बाबांवर ती बोरीवलीत, औषधांच्या दुकानात आली. त्यांचा गुडघा कुरकुरत होता आणि आईने बजावलं होतं, की काठी असेल तरच रविवारी मित्रांबरोबर कान्हेरीच्या डोंगरावर जायचं. दुकानदाराने रबरी बूच लावलेली, वाकड्या मुठीची काठी पुढे केली. स्ट्रेचर आणल्यासारखं बाबा तिच्याकडे बघत राहिले.

"ही म्हाताऱ्यांची," म्हणाले आणि बाहेर पडले. निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं होतं.

मग गावाहून मामाने एसटीच्या टपावर चिवा धाडला. चिवा म्हणजे बारीक, भरीव बांबू. तो अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला होता. चांदण्यात तोडला तर कीड लागते, हे गावचं शास्त्र. पुढचं शास्त्र असं, की तो वाहत्या पाण्यात मुरवावा. गावी त्यासाठी ओहोळ आहे. आमच्याकडे वाहतं पाणी फक्त सकाळी, गच्चीवरच्या टाकीत पडताना.

काही दिवसांनी सोसायटीचे सेक्रेटरी दारात.

"काका, टाकीत बांबू तुम्ही टाकलात?"

"टाकला नाही. भिजत घातलाय."

"अहो, ते पाणी आम्ही पितो!"

"आम्ही काय वेगळं पितो?"

चिवा घरी आला. बाबांनी तो गॅसवर शेकला, दाराच्या फटीत अडकवून सरळ केला आणि होडीला लावतात ते उंडीचं कडू तेल त्याला चोळलं.

"घर आहे की बंदर?" आई म्हणाली.

काठी मात्र खरोखर झकास झाली. रविवारी मी सोबत गेले. डोंगराखालच्या पार्काच्या फाटकाशी बाबांच्या गाववाल्या मित्राने, बाबांना ज्याची धास्ती होती तेच, लगेच विचारलं, "काय रे, म्हातारो झालंस काय?"

"जनावराक घेतलंय," बाबा म्हणाले. जनावर म्हणजे साप. "आधाराक नाय."

एवढं बोलून बसल्यावर काठी टेकायची सोय राहिली नाही. ती खांद्यावर टाकून बाबा लेण्यांपर्यंत चढले. साप कामावर आले नव्हते.

उतरताना, झिजून गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवर मित्र थबकला. इकडेतिकडे बघत म्हणाला, "जरा दी रे तुझी ती काठी."

"घे की!" बाबांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या निरोपसमारंभातही पाहिला नव्हता. त्यांनी काठी दिली, माझा दंड घट्ट धरला आणि शिल्पकलेवर बोलत बोलत एकेक पायरी उतरले.

घरी आईने विचारलं, "आली का कामाला?"

"फार," बाबा म्हणाले.

जाऊन येईपर्यंत त्यांनी ती एकदाही जमिनीला टेकवली नव्हती.