चौरंगावरचं प्रोटीन

परळच्या त्या संशोधन संस्थेत गुणवंती चौदा वर्षं कामाला होती आणि चौदाही वर्षं तात्पुरती होती. डिसेंबरात कंत्राट संपायचं, जानेवारीत नवं व्हायचं. काचेची भांडी धुणं, पार्सलं उतरवून घेणं आणि उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर सांभाळणं हे तिचं काम. फ्रीझरचं तिला वेगळं शिकवावं लागलं नाही. तिची आई जाईबाई वरळी कोळीवाड्यातून दादरच्या बाजारात पापलेट घेऊन बसायची. बर्फ सुटलेला मासा पुन्हा बर्फात घालून ताजा म्हणून विकायचा नाही, एवढं शिक्षण गुणवंतीला फ्रॉकात असल्यापासून होतं. संस्थेत ते डॉक्टरेटनंतरही सगळ्यांना असतंच असं नाही.

यंदा सप्टेंबरात थर्माकोलचं भलंमोठं खोकं आलं. आत कोरडा बर्फ आणि त्यात करंगळीच्या पेराएवढी एक नळी. माणसाच्या शरीरातल्या एका प्रोटीनची ती नक्कल, जिवाणूंकडून करवून घेतलेली. "मावशी, हे दुसऱ्या प्रोटीनला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम बदलून टाकतं," रंजिताने समजावलं. रंजिता पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला होती आणि तिच्या प्रबंधाचा शेवटचा प्रयोग याच नळीवर अडला होता. दुसऱ्याच्या कामाला चिकटणारं म्हटल्यावर गुणवंतीला विभागप्रमुख सौमित्र सर आठवले, पण तिने ते बोलून दाखवलं नाही.

दसऱ्याला सुट्टी, म्हणून आदल्या दिवशी प्रयोगशाळेत यंत्रपूजा. दरवर्षी सूक्ष्मदर्शकाला हार पडायचा. यंदा सरांना वाटलं, विभागातली सगळ्यात मोलाची वस्तू चौरंगावर हवी. नळी बाहेर आली, झेंडूच्या पाकळ्यांवर विराजमान झाली, तिला हळदकुंकू लागलं. संचालक उशिरा आले, मग फोटो झाले, मग त्यांचं भाषण. विषय होता वैज्ञानिक दृष्टिकोन. दीड तास झाल्यावर गुणवंतीला राहवेना. रंजिता सरांच्या मागेच उभी होती. तिला बाजूला सारून गुणवंती पुढे झाली.

"सर, नळी आत ठेवू द्या. वितळली ती."

"मावशी, चांगल्या कामात मोडता घालू नका," सर म्हणाले आणि टाळ्या वाजवायला वळले. आरतीनंतर नळी पुन्हा फ्रीझरमध्ये गेली.

नोव्हेंबरात रंजिताचा प्रयोग तीनदा फसला. दुसऱ्याला चिकटणारं ते प्रोटीन आता कशालाच चिकटेना. संस्थेने तत्परतेने समिती नेमली, आणि समितीने त्याहून तत्परतेने, बैठकीआधीच कारण शोधून काढलं. गुणवंतीने फ्रीझरचं दार उघडं टाकलं होतं. तसा कबुलीचा कागदही टाइप करून तयार होता. सही केली तर समज देऊन सोडणार, नाही केली तर जानेवारीत कंत्राट नाही. केवढं हे औदार्य!

बैठकीत गुणवंतीने पूजेची सगळी हकिगत सांगितली. सरांना त्यातलं काही आठवत नव्हतं.

"तुम्ही सरांना सांगितलंत, हे ऐकणारं कोणी होतं?" समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

ऐकणारी तिथेच बसली होती. अक्षर चांगलं म्हणून सरांनी इतिवृत्त लिहायला रंजितालाच बसवलं होतं. तिची मान खाली होती. तिच्या प्रबंधावर सही सरांचीच लागणार होती, हे गुणवंतीला ठाऊक होतं. तरी तिला राग आला, डोळ्यांत पाणी येईल इतका. नाव घेतलं असतं तर काम वाचलं असतं. पण चार वर्षं ही पोर समोर बसून डबा खात होती.

"कोण नव्हतं," गुणवंती म्हणाली. "पण दार मी उघडं नाय टाकलं. या कागदावर सही नाय करणार मी."

"मग जानेवारीचं तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय."

अध्यक्षबाईंनी फाइल मिटली. "रंजिता, लिहा. साक्षीदार नाही."

रंजिताने पेन खाली ठेवलं.

"मी होते तिथे, मॅडम," ती म्हणाली. "मावशींनी सांगितलं, ते मी ऐकलं. आणि कुंकू मीच लावलं होतं."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. अध्यक्षबाईंना फाइल पुन्हा उघडावी लागली.