बोईसरमध्ये फ्रान्ससाठी भरलेली सभा

१९६८ सालच्या डिसेंबरात मला बोईसरच्या एका वाचनालयाचे निमंत्रण आले आणि मी ते तत्काळ स्वीकारले. मी तेव्हा नाशिकच्या एका महाविद्यालयात फ्रेंच शिकवत असे. वर्गात विद्यार्थी मोजके आणि त्यांतलेही बरेच परीक्षेपुरते येणारे. अशा स्थितीत कोणीतरी आपण होऊन कळवते, 'फ्रान्समध्ये यंदा जे जे घडले आणि जे जे गेले, त्यावर आमच्याकडे येऊन बोला', तेव्हा माझ्यासारखी बाई दुसऱ्या दिवशीच पिशवी भरायला घेणार, हे उघड आहे.

निमंत्रण धाडणारे मधुकर राऊत हे वाचनालयाचे चिटणीस आणि माझ्या थोरल्या भावाचे वर्गमित्र. त्यांनी पत्राच्या शेवटी एक गोष्ट मोकळेपणाने कळवली होती. वाचनालयाचे अध्यक्ष तात्या, बाजारातले धान्याचे व्यापारी, यांनी त्यांना बजावले होते की यंदाही व्याख्यानाला खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर व्याख्यानमाला कायमची बंद. त्या दालनात कॅरम ठेवले जातील. वर्षाचे शेवटचे व्याख्यान माझेच होते. म्हणजे मधुभाऊंनी सात वर्षे जोपासलेली ती माला माझ्या फ्रान्सवर टांगलेली होती.

नाशिकहून पालघरकडे जाणाऱ्यांना बहुतेक जण मुंबईला वळसा घालून जायला सांगतात. माझा सल्ला असा, की घाटाने जा. त्र्यंबक मागे पडले की एसटी जव्हारच्या डोंगरांत शिरते आणि रस्ता सागाच्या रानातून उतरू लागतो. खिडकी डावीकडची धरावी, दऱ्या त्या बाजूला अधिक दिसतात. जव्हारला गाडी बराच वेळ थांबते. स्थानकाबाहेर भजी आणि गूळ घातलेला चहा मिळे, दोन्ही कढत. तिथून गाडीत डोंगरातली काही कुटुंबे चढली. भात कापून झाले होते आणि ती चार महिन्यांच्या कामासाठी किनाऱ्याकडे निघाली होती. डोक्यावर भांड्यांचे गाठोडे, काखेत कोंबडी. माझ्या शेजारी बसलेल्या आजीने विचारले, "तू कंच्या कामाला चाललीस, बाय?"

"बोलायच्या," मी म्हणाले.

तिने मला आपादमस्तक न्याहाळले. "बरं काम हाय. पाठ नाय दुखत."

विक्रमगड, मनोर करत पालघर आले तेव्हा ऊन कलले होते. रात्री मधुभाऊंच्या बहिणीकडे मुक्काम होता. थंडीच्या दिवसांत या भागात गेलात तर उकडहंडी चुकवू नका. मडक्यात कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा भरायच्या, तोंड पाल्याने बंद करायचे आणि भोवती जाळ करून सावकाश शिजू द्यायचे. मी कृती विचारू लागले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "बाई, आधी खा. शिकवणं उद्याला ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी टांग्याने पालघरजवळच्या माहीमला जाऊन आले. पानवेलींच्या बागांतून चालताना उजेड हिरवा होऊन अंगावर पडतो. मंडपाखाली हवा अशी ओलसर, की माझा चष्मा धुकटला. बागांच्या पलीकडे एकदम समुद्र. वाळूवर बसून मी मनातल्या मनात व्याख्यान आखले. पद्धत महत्त्वाची असते. प्रथम मे महिना घ्यायचा: पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी रस्त्याचे दगड उखडून उभारलेले अडथळे, मग कामगारांचा संप, मग जूनमधल्या निवडणुका आणि त्यांत सत्ताधाऱ्यांचाच झालेला मोठा विजय. त्यानंतर हिवाळी क्रीडास्पर्धा, ऑगस्टमधला हायड्रोजन बॉम्ब, फ्रँकची घसरण थोपवण्याची धडपड. सगळ्यात शेवटी निधने, थोडक्यात.

दुपारच्या गाडीने बोईसरला पोहोचले. मधुभाऊ फलाटावरच होते आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"बाई, घोटाळा झाला," ते म्हणाले.

वाचनालयाचा जाहिरातीचा फळा मोडला होता, म्हणून त्यांनी नाक्यावरचा दुसरा फळा वापरला होता. त्या फळ्यावर गावातल्या मयतांची खबर लिहितात, त्यामुळे वर पांढऱ्या तैलरंगात कायमचे शब्द आहेत: 'दुःखद निधन'. पेंटरला ते पुसता येईनात. त्याने खाली खडूने लिहिले, 'फ्रान्स. सरते वर्ष : घटना व निधने. सभा सायंकाळी, वाचनालयात.'

"मग? लोक येणार नाहीत?"

"येणार नाहीत? बाई, सगळे येतायत!"

हे समजण्यासाठी तिथली रीत ठाऊक हवी. शोकसभेला प्रत्येक आळीतून, प्रत्येक पाड्यातून निदान एक माणूस गेलाच पाहिजे. न जाणे हा मयताच्या घराचा अपमान. मयत कोण, हा प्रश्न नंतरचा. आणि एकदा बसल्यावर दोन मिनिटे उभे राहिल्याशिवाय उठायचे नाही. बाजारात मासे विकायला आलेल्या, दांडी या जवळच्या कोळ्यांच्या गावातल्या बायकांनी फळा कोणाकडून तरी वाचून घेतला होता आणि बातमी किनाऱ्यापर्यंत नेली होती.

दालनात पाऊल टाकले. खुर्च्या भरून लोक सतरंजीवर बसले होते, सतरंजी भरून खिडक्यांत. सरावलीचे शेतकरी, तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावरचे कामगार, एका बाजूला पाट्या बाहेर ठेवून आलेल्या कोळणी. पुढे तात्या, पांढरी टोपी, हातात झेंडूचा हार.

"फोटो कुठंय?" त्यांनी मधुभाऊंना विचारले.

"फोटो... येतोय, तात्या."

"कुणाचा येतोय?"

मधुभाऊंनी माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही बोलायला लागा. त्यांना काही सांगू नका. लोक उठून गेले तर संपलं सगळं."

मी मात्र शिक्षिका. चुकीच्या समजुतीवर धडा पुढे रेटणे मला जमत नाही. मी उभी राहिले आणि सांगून टाकले, की ही शोकसभा नव्हे, व्याख्यान आहे. फळ्यामुळे गैरसमज झाला. ज्यांना घरी जायचे असेल त्यांनी खुशाल जावे. मधुभाऊंनी डोळे मिटून घेतले.

कोणी हलले नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "पन कोनी मेलं हाय का नाय?"

"बरेच जण वारले आहेत," मी म्हणाले. "फ्रान्समध्ये. या वर्षात."

"मंग बसतो की. तुमी सांगा."

मी माझा क्रम तिथल्या तिथे उलटा केला. निधने आधी घेतली. पहिला एक कलावंत, फ्रान्समध्ये जन्मलेला आणि तिथेच ऑक्टोबरात वारलेला. त्याने तरुणपणी अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात शिल्प म्हणून चक्क मुतारीचे भांडे पाठवले होते.

"वापरलेलं का नवीन?" तात्यांनी गंभीरपणे विचारले.

"नवीन. त्यावर खोटी सही करून."

"ठेवलं का त्यांनी?"

"नाही, नाकारले. आता मात्र जगभरचे विद्वान त्यावर लिहितात."

"कोनी नाय म्हटलं की मग भाव येतो," एक कोळीण म्हणाली आणि सगळ्या बायका हसल्या. हशा पिकला तसा मला हुरूप आला. कला वस्तूत असते की निवडीत, हे मी सोपे करून सांगितले. मग मे महिना, दगड, संप. हायड्रोजन बॉम्बपाशी आले तेव्हा बांधकामावरचा एक वेल्डर उठून म्हणाला, "बहनजी, हमारे यहाँ तो बिजली बनेगी ना? वो वाला नहीं?" मी दालनातल्या भिंतीवरच्या फळ्यावर आकृती काढून अणू फुटणे आणि अणू जोडले जाणे यांतला फरक समजावला. वीजकेंद्रात फुटणे होते, तेही आवरलेले. तो समाधानाने बसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "बोला था ना मैंने."

मग मी जानेवारी घेतला. माझ्या मूळ आखणीत ती एक ओळ होती: फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ एक पाणबुडी सर्व खलाशांसह नाहीशी झाली, पुष्कळ शोधूनही सापडली नाही.

मघाशी 'भाव येतो' म्हणालेल्या कोळीणबाई पुढे सरकल्या. त्या दांडीच्या हिराबाई तांडेल. सगळे त्यांना हिरूबाय म्हणत.

"पानी किती होतं तिथं?"

"फार खोल."

"वारा?"

"वादळी, असे वाचले."

"त्यांच्या घरी कोन गेलं सांगाया?"

मला ते माहीत नव्हते. मी तसे म्हटले. बातम्यांत सरकारी निवेदन होते, मंत्र्यांचे शब्द होते, एवढेच मी वाचले होते.

"आमच्यात होडी आली नाय तर जानता मानूस घरी जातो," हिरूबाय म्हणाल्या. "वाटंत कोनी बोलत नाय. बाजारात नाय, धक्क्यावर नाय. आदी घरी. दारात बसायचं, मंग सांगायचं. माझ्याकडं सासरा आलेला. बराच वेळ बसला नुसता, तवाच मला कळलं. त्या बायांना कागदावरनं कळलं आसंल तर वाईट झालं."

मी खडू खाली ठेवला. तात्या उठले. त्यांनी हातातला हार टेबलावर, जिथे फोटो असायला हवा होता तिथे ठेवला आणि म्हणाले, "उभे रहा सगळे."

दालन उभे राहिले. नाशिकमधल्या माझ्या वर्गात कधी इतकी शांतता झाली नव्हती.

लोक पांगल्यावर मधुभाऊ अपराध्यासारखे तात्यांसमोर आले. "तात्या, ही गर्दी मोजू नका. ती चुकून आली होती."

"मला वाचता येतं, मधू," तात्या म्हणाले. "फळा मी सकाळीच वाचला. हार कशाला आणला म्हणतोस? लोक हार बघून बसतात." मग माझ्याकडे वळून, "पुढल्या वर्षी कोणता देश, बाई?"

मधुभाऊ खाली बसले ते हसतच बसले.

परतीच्या आधी सकाळी मी दांडीला गेले. बोईसरहून एसटी मिळते; शेवटचा टप्पा चालत जावा, वास रस्ता दाखवतो. काठ्यांवर बोंबील वाळत होते, रांगाच रांगा, आणि त्यांच्यामधून समुद्र तुकड्यातुकड्यांनी दिसत होता. हिरूबायने तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचे कालवण वाढले. जेवताना त्या पाणबुडीविषयीच विचारत राहिल्या: किती जण होते, कुणाची लग्ने झाली होती. निघताना म्हणाल्या, "सापडली तर सांग हां, बाय."

नाशिकला परतल्यावर मी वर्गात तेच वर्ष शिकवले. मे महिन्यापासून सुरुवात करणे मला पुन्हा जमले नाही. जानेवारीपासूनच करावी लागली. व्याख्यानमाला पुढे पुष्कळ वर्षे चालली, मी तिच्यासाठी कितीतरी वेळा तो घाट उतरले. रस्ता रुंद झाला, सागाचे रान विरळ झाले. प्रवास म्हणून सांगायचे तर आजही मी तोच मार्ग सुचवीन, हिवाळ्यात, घाईशिवाय. माझ्याजवळ मात्र त्या प्रवासातून राहिले ते दृश्य नव्हे. एवढे शिकूनही एका प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणावे लागले, ते राहिले.

अर्ध्या शतकानंतर एका सकाळी बातमी वाचली: ती पाणबुडी सापडली होती, समुद्राच्या तळाशी. मी मधुभाऊंना फोन लावला. हिरूबाय कधीच गेल्या होत्या. त्यांच्या घरात आता त्यांची सून होती, तीही म्हातारी.

"तिचा नंबर आहे का तुमच्याकडे?" मी विचारले.

"आहे की," मधुभाऊ म्हणाले. "पण फोन नको, बाई. नातवाला गाडी काढायला सांगतो. मी दांडीला घरी जाऊन सांगून येतो."